ता थेई थेई तत्

(कथक हे भारतातील एक शास्त्रीय नृत्य आहे. हे नृत्य शिकू इच्छिणाऱ्या नवख्या विद्यार्थ्याने सुरुवात कशी करावी, हे या पाठात सांगितले आहे. कथकात उर्दूतून आलेले अनेक शब्द आहेत. पाठ वाचताना ते शोधा.)

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांनी शाळेच्या मैदानावर लेझीम खेळली असेल. शिक्षक 'एक, दोन, तीन, चार' असे मोजतात आणि सगळ्यांच्या लेझमा एकदम वाजतात. एखादा मुलगा मागे राहिला, तर ते लगेच ऐकू येते. कव्वालीतही टाळी अशीच ठरलेल्या जागी पडते. म्हणजे ताल तुमच्या ओळखीचा आहे. कथक शिकण्याची सुरुवात याच ओळखीपासून होते.

आता चार अंक चार वेळा मोजा. सोळा झाले. या सोळा मात्रांच्या तालाला तीनताल म्हणतात. कथकातील पहिले धडे बहुधा याच तालात शिकवतात. तीनतालाचे चार भाग असतात आणि प्रत्येक भागात चार मात्रा असतात. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी वाजवायची. नवव्या मात्रेवर टाळी वाजवायची नाही, हात फक्त बाजूला उघडायचा. या जागेला 'खाली' म्हणतात. तीन टाळ्या आहेत, म्हणून याचे नाव तीनताल. तबल्यावर तो असा वाजतो:

धा धिं धिं धा । धा धिं धिं धा ।
धा तिं तिं ता । ता धिं धिं धा ।

हे बोल मोठ्याने म्हणा आणि हाताने टाळी द्या. सुरुवातीला जीभ अडखळेल किंवा टाळी चुकेल. दहा वेळा म्हटले की दोन्ही जुळू लागतील. बोल असे तोंडाने म्हणण्याला कथकात 'पढंत' म्हणतात. पुढे कितीही मोठा नर्तक झाला, तरी तो रंगमंचावर आधी पढंत करतो आणि मग तेच बोल पायांनी काढून दाखवतो. जे तोंडातून स्पष्ट येत नाही, ते पायातूनही स्पष्ट येत नाही.

यानंतर पायांचा पहिला धडा येतो. त्याला 'तत्कार' म्हणतात. त्याचे बोल फक्त आठ आहेत:

ता थेई थेई तत् । आ थेई थेई तत् ।

पहिल्या चार बोलांना उजवा, डावा, उजवा, डावा असे पाय पडतात. पुढच्या चार बोलांना डावा, उजवा, डावा, उजवा असे पडतात. नीट पाहा. चौथ्या बोलाला डावा पाय पडतो आणि पाचव्यालाही डावाच पडतो. नवखा विद्यार्थी नेमका येथे चुकतो. चालताना आपण एकच पाय लागोपाठ दोनदा टाकत नाही, त्यामुळे पायाला ते सवयीचे नसते. पाय आपोआप उजवीकडे जातो आणि सगळी मोजणी बिघडते. म्हणून तत्कार आधी अगदी सावकाश करावा. आठ बोलांची एक फेरी दोन वेळा केली की सोळा मात्रा पूर्ण होतात.

उभे कसे राहावे, हेही शिकावे लागते. पावले जवळ ठेवावीत. पाठ, मान आणि गुडघे सरळ असावेत, पण ताठरलेले नसावेत. नजर समोर असावी. आपला पाय बरोबर पडतो की नाही, हे डोळ्यांनी पाहू नये, कानांनी ऐकावे. पूर्ण तळवा एकदम जमिनीवर पडला, तर आवाज भरीव येतो. नुसती टाच किंवा नुसते बोट आपटले, तर आवाज फुटका येतो आणि पायही दुखतो. सिमेंटच्या कठीण फरशीवर फार वेळ पाय आपटू नयेत. मातीची, सारवलेली किंवा लाकडी जमीन पायांना बरी. जेवण झाल्याबरोबर सराव करू नये. कपडे साधे असावेत. सलवार-कमीज आणि तिरकी बांधलेली ओढणी हाच मुलींचा कथकाच्या वर्गातील नेहमीचा पोशाख आहे. मुले कुडता-पायजमा घालतात.

नवख्या विद्यार्थ्याला तीन गोष्टींची घाई असते. पहिली घाई घुंगरांची, दुसरी चक्करांची आणि तिसरी वेगाची. तयार नर्तकाच्या एकेका पायात शंभर किंवा त्याहून अधिक घुंगरू असतात. ते दोरीत ओवलेले असतात आणि त्यांचे वजन बरेच होते. पाय साफ पडत नसताना घुंगरू बांधले, तर त्यांच्या आवाजात चूक झाकली जाते. ऐकणाऱ्याला वाटते, छान वाजले. शिकणाऱ्याला मात्र आपली चूक कधीच कळत नाही. वेगाचेही तसेच आहे. जो तत्कार विलंबित लयीत, म्हणजे सावकाश, सोळाच्या सोळा मात्रा सारख्या अंतराने करता येत नाही, तो द्रुत लयीत केल्याने सुधारत नाही. आधी बराबर, मग त्याच्या दुप्पट म्हणजे दुगुन आणि मग चौपट म्हणजे चौगुन, हा क्रम मोडू नये.

आता या तालातील सर्वांत महत्त्वाची जागा पाहू. सोळा मात्रा संपल्या की पुन्हा पहिली मात्रा येते. या पहिल्या मात्रेला 'सम' म्हणतात. नर्तक कितीही अवघड बोल नाचला, तरी त्याला समेवर परत यावे लागते. तुम्हांला हे समजणे अवघड नाही, कारण तुम्ही गझल वाचली आहे. मतल्याच्या दोन्ही ओळींत रदीफ येतो आणि पुढे प्रत्येक शेराच्या दुसऱ्या ओळीच्या शेवटी तो पुन्हा येतो. मुशायऱ्यात शायर पहिली ओळ म्हणतो, तेव्हाच ऐकणारे रदीफाची वाट पाहू लागतात. रदीफ ठरल्या जागी आला की 'वाह, वाह' होते. कथकाच्या मैफलीत समेचे स्थान असेच आहे. नर्तक आणि तबलजी एकाच क्षणी समेवर आले की जाणकार मान हलवतात.

समेवर येण्याची एक सुंदर युक्ती आहे, तिला 'तिहाई' म्हणतात. एकच बोल तीन वेळा म्हणायचा आणि तिसऱ्या वेळचे शेवटचे अक्षर बरोबर समेवर आणायचे. हे थोडे गणितच आहे. आपण 'ता थेई तत्' हा तीन मात्रांचा बोल घेऊ. तीन वेळा म्हटला की नऊ मात्रा होतात. तो नवव्या मात्रेपासून, म्हणजे खालीपासून सुरू करा. पहिला बोल नऊ, दहा, अकरा या मात्रांवर येईल. दुसरा बारा, तेरा, चौदा या मात्रांवर येईल. तिसरा पंधरा आणि सोळावर येईल आणि त्याचा 'तत्' पुढच्या पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर पडेल. वहीत सोळा चौकोन काढा आणि हे स्वतः करून पाहा.

तुमच्या एक गोष्ट लक्षात आली का? या पाठात असे कितीतरी शब्द आहेत, जे तुमच्या घरी रोज बोलले जातात. नर्तक रंगमंचावर येऊन सुरुवातीचा जो बोल नाचतो, त्याला 'आमद' म्हणतात. आमद म्हणजे येणे. वंदन करून संपणाऱ्या तुकड्याला 'सलामी' म्हणतात. सारंगीवर किंवा हार्मोनियमवर एकच धून पुन्हा पुन्हा वाजवून जी ताल सांभाळते, तिला 'नगमा' म्हणतात. तबला आणि नर्तक यांच्यात 'सवाल-जवाब' होतात. रोजच्या सरावाला 'रियाज' म्हणतात. दुसरीकडे सम, लय, मात्रा, हस्तक, अभिनय हे शब्द संस्कृतातून आले आहेत आणि ते मराठीत रुळले आहेत. 'कथक' हा शब्दच 'कथा' या शब्दापासून बनला आहे. जो कथा सांगतो, तो कथक. उर्दू आणि मराठी ही दोन्ही पुस्तके तुमच्या एकाच दप्तरात असतात. या नृत्यातही दोन्ही बाजूंचे शब्द एकत्र नांदतात.

हे कसे घडले? पूर्वी उत्तर भारतातील कथक लोक देवळांत आणि गावोगावी नाचून-गाऊन कथा सांगत. पुढे या कलेला राजदरबारांचा आश्रय मिळाला. अवधचा नवाब वाजिद अली शाह याने १८४७ ते १८५६ या काळात लखनौला राज्य केले. तो स्वतः कवी होता, 'अख्तरपिया' या नावाने ठुमऱ्या रचत असे आणि कथकाचा मोठा चाहता होता. राधा-कृष्णाच्या कथेवर त्याने नाट्य रचून दरबारात सादर केले. १८५६ मध्ये इंग्रजांनी त्याचे राज्य काढून घेतले आणि तो कलकत्त्याजवळ मटियाबुर्ज येथे राहू लागला. लखनौच्या परंपरेत बिंदादीन महाराज आणि त्यांचे बंधू कालकाप्रसाद हे थोर गुरू होऊन गेले. कालकाप्रसाद यांचे पुत्र अच्छन महाराज, लच्छू महाराज आणि शंभू महाराज यांनी ही कला पुढे नेली. अच्छन महाराजांचे पुत्र बिरजू महाराज (१९३८-२०२२) यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. मुसलमान नवाबाच्या दरबारात हिंदू गुरूंनी राधा-कृष्णाच्या कथा नाचून दाखवल्या आणि त्या नाचाची सुरुवात 'आमद'ने झाली. आजही ती तशीच होते.

तुम्ही म्हणाल, 'ही तर लखनौची गोष्ट. महाराष्ट्राचा काय संबंध?' तर पुण्याच्या रोहिणी भाटे यांची हकिकत ऐका. त्यांचा जन्म १९२४ साली पाटण्यात झाला. शिक्षण पुण्यात झाले. फर्ग्युसन महाविद्यालयातून त्यांनी पदवी घेतली. त्या काळी सुशिक्षित घरच्या मुलींनी रंगमंचावर नाचणे अनेकांना रुचत नसे. रोहिणीताईंनी आधी भरतनाट्यमचे धडे घेतले आणि १९४६ साली जयपूर घराण्याचे पंडित सोहनलाल यांच्याकडे कथक शिकायला सुरुवात केली. तेव्हा त्या विशीत होत्या. शास्त्रीय नृत्य सात-आठ वर्षांच्या वयातच सुरू केले पाहिजे, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. १९४७ साली त्यांनी पुण्यात 'नृत्यभारती' ही संस्था सुरू केली. स्वतः शिकवू लागल्यावरही त्यांनी शिकणे सोडले नाही. लच्छू महाराज आणि पंडित मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे त्या पुढे अनेक वर्षे शिकत राहिल्या. १९७९ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. 'माझी नृत्यसाधना' हे आत्मकथन त्यांनी मराठीत लिहिले. २००८ साली त्यांचे निधन झाले. तोपर्यंत त्यांच्या शिष्यांच्याही शिष्या शिकवू लागल्या होत्या.

मराठवाड्याचाही नृत्याशी जुना संबंध आहे. तेराव्या शतकात देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, यादव राजा सिंघण याच्या दरबारात शार्ङ्गदेव नावाचा विद्वान होता. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे. त्याने 'संगीतरत्नाकर' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्याच्या सात अध्यायांपैकी सातवा अध्याय नृत्याविषयी आहे. औरंगाबाद लेण्यांमधील सातव्या लेण्यात एक नर्तकी आणि तिच्याभोवती वाद्ये वाजवणाऱ्या स्त्रिया कोरलेल्या आहेत. सहल निघाली, तर दौलताबादच्या किल्ल्याबरोबर ते शिल्पही पाहून या.

आता खरा प्रश्न. वडीगोद्री हे जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील, धुळे-सोलापूर महामार्गावरचे गाव आहे. भोवताली ऊस, कापूस आणि मोसंबीची शेती आहे. अशा गावातील एखादी मुलगी विचारील, 'गावात कथकाचा वर्ग नसेल, तर मी काय करू?' तिला खोटी आशा दाखवू नये आणि नाउमेदही करू नये. गुरूशिवाय कथक पूर्ण शिकता येत नाही. हात कोठे थांबतो, वजन कोणत्या पायावर आहे, गुडघा का दुखतो, हे दुसऱ्या जाणत्या डोळ्यांनाच दिसते. एकट्याने चुकीची सवय लावून घेतली, तर ती मोडायला शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून चक्कर, घुंगरू आणि द्रुत लय यांना गुरू भेटेपर्यंत हात लावू नये. परंतु टाळी देणे, पढंत करणे, नगमा ऐकून सम ओळखणे आणि विलंबित लयीत आठ बोल चालवणे, एवढे गावात राहूनही सुरू करता येते. आता मोबाईलवर तीनतालाचा नगमा मिळतो. तो लावावा, डोळे मिटावेत आणि सम आली की बोट उचलावे. कान तयार करणे म्हणजे अर्धी वाट चालणे होय.

पुढे शिकायचे असेल, तर छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे 'महागामी' हे गुरुकुल १९९६ पासून आहे. तेथे पार्वती दत्ता यांच्या मार्गदर्शनाखाली कथक आणि ओडिसी ही नृत्ये शिकवली जातात. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षाही महाराष्ट्रात अनेक केंद्रांवर होतात. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि अलंकार अशा त्यांच्या पायऱ्या आहेत. विशारद होण्यास बरीच वर्षे लागतात. ही मुदत ऐकून घाबरू नका. पहिलीच्या वर्गात 'अलिफ, बे' गिरवणाऱ्या मुलाला कोणी दहावीचा पेपर देत नाही.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. नृत्याविषयी प्रत्येक घराची रीत वेगळी असते. काही घरांत मुलांनी नाचलेले आवडत नाही. अशा वेळी लपवाछपवी करू नये. अम्मी-अब्बांशी अदबीने बोलावे, ही विद्या काय आहे ते त्यांना समजावून सांगावे आणि त्यांचे म्हणणेही ऐकून घ्यावे. परवानगी मिळाली नाही, तरी ही कला समजून घेण्यास कोणाची आडकाठी नसते. ज्याला ताल कळतो, बोल कळतो, तो उत्तम कद्रदान होतो. कलावंताला त्याचीही तितकीच गरज असते. लंडनमध्ये १९७४ साली जन्मलेला अक्रम खान बांगलादेशी आईवडिलांचा मुलगा. वयाच्या सातव्या वर्षी तो प्रताप पवार यांच्याकडे कथक शिकू लागला आणि पुढे जगप्रसिद्ध नर्तक झाला. प्रत्येक जण अक्रम खान होणार नाही, पण समेवर टाळी देणे प्रत्येकाला येऊ शकते.

रियाजासाठी रोज पंधरा मिनिटे ठरवा. पाच मिनिटे टाळी आणि ठेका, पाच मिनिटे पढंत, पाच मिनिटे सावकाश तत्कार. आठवड्यातून एक दिवस तासभर करण्यापेक्षा रोजची पंधरा मिनिटे अधिक उपयोगी पडतात, कारण पायाला सवय लागते ती रोजच्या आवृत्तीने. चुकलात तर मध्येच थांबू नका. मोजणी मनात चालू ठेवा, पुढच्या समेची वाट पाहा आणि तेथून पुन्हा सुरू करा. मराठी बोलतानाही असेच करा. एखादा शब्द अडला, लिंग चुकले, तर गप्प बसू नका. वाक्य पूर्ण करा आणि पुढचे वाक्य नीट बोला.

शब्दार्थ

नवखा – नुकताच शिकू लागलेला
मात्रा – ताल मोजण्याचे एक माप
लय – गती, चाल
विलंबित – सावकाश
द्रुत – जलद
भरीव – भरलेला, पोकळ नसलेला
नांदणे – मिळून-मिसळून राहणे
आश्रय – आधार
रुचणे – आवडणे
आत्मकथन – स्वतःच्या जीवनाची स्वतः लिहिलेली हकिकत
नाउमेद – निराश
आडकाठी – अडथळा
आवृत्ती – पुन्हा पुन्हा करणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) तीनतालात किती मात्रा असतात?
(आ) 'खाली' कितव्या मात्रेवर येते?
(इ) वाजिद अली शाह कोणत्या नावाने ठुमऱ्या रचत असे?
(ई) 'नृत्यभारती' ही संस्था कोणी व केव्हा सुरू केली?
(उ) 'संगीतरत्नाकर' या ग्रंथाचा कितवा अध्याय नृत्याविषयी आहे?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) तत्कार करताना नवखा विद्यार्थी नेमका कोठे चुकतो? का?
(आ) पाय साफ पडण्याआधी घुंगरू का बांधू नयेत?
(इ) गझलेतील रदीफ आणि कथकातील सम यांत कोणते साम्य आहे?
(ई) गुरू नसताना कोणत्या गोष्टी कराव्यात आणि कोणत्या करू नयेत?

३. जोड्या लावा.
'अ' गट: आमद, सलामी, रियाज, पढंत, तिहाई
'ब' गट: रोजचा सराव, बोल तोंडाने म्हणणे, रंगमंचावर येणे, तीन वेळा म्हणून समेवर येणे, वंदन

४. विचार करा.
एक बोल चार मात्रांचा आहे. तो मध्ये न थांबता तीन वेळा म्हणायचा आहे आणि त्याचे शेवटचे अक्षर समेवर आणायचे आहे. तर तो कितव्या मात्रेपासून सुरू करावा?

५. उर्दूत दोन लिंगे आहेत, मराठीत तीन आहेत. पुढील शब्दांपुढे 'तो', 'ती' किंवा 'ते' लिहा.
ताल, टाळी, नृत्य, पाऊल, सम, बोल, गाव, तिहाई, ठेका, वजन

६. वाक्यांत उपयोग करा.
वाट पाहणे, सवय लागणे, हात न लावणे, मान हलवणे

७. उपक्रम
(अ) पाठातील उर्दूतून आलेले दहा शब्द शोधा. ते मराठी वाक्यांत कसे वापरले आहेत, ते पाहा.
(आ) वर्गाचे दोन गट करा. एका गटाने तीनतालाची टाळी द्यावी. दुसऱ्या गटाने 'ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्' म्हणावे. सम एकदम येते का, ते पाहा. मग गटांनी कामे बदलावीत.